कुकीबंदीला मुहूर्त मिळेना

जानेवारी 2020 मध्ये गूगलने घोषणा केली की, दोन वर्षांत क्रोममधून तृतीय पक्षाच्या कुकी हद्दपार होणार. जाहिरातवाल्यांचे धाबे दणाणले, गोपनीयतावाल्यांनी टाळ्या पिटल्या. दोन वर्षे भरायच्या आतच मुहूर्त 2023 अखेरीवर गेला. मग 2024 च्या उत्तरार्धावर, मग 2025 वर. जुलै 2024 मध्ये कळले की कुकी जाणारच नाहीत, वापरणाऱ्याला फक्त विचारले जाईल. एप्रिल 2025 मध्ये विचारण्याचा बेतही रहित झाला. रखडलेल्या उड्डाणपुलाचे निदान खांब तरी दिसतात.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी, मुळात गरीब चीज. ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाची टोपली आठवावी, म्हणून 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने ती काढली. पण एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बातम्यांच्या, बुटांच्या आणि मूळव्याधीच्या औषधाच्या पानावर जाऊन बसला, की तिन्हीकडे तीच कुकी वाचली जाते आणि माणसाची कुंडली तयार होते. हे कुणाला उमगले नव्हते असे नाही. फेब्रुवारी 1997 च्या तांत्रिक मानकातच बजावले होते की, अशा परक्या, म्हणजे तृतीय पक्षाच्या, कुकींना मूळ सेटिंगमध्ये थारा देऊ नये. मानकाच्या दोन लेखकांपैकी एक खुद्द माँटुली. ब्राउझरवाल्यांनी मानकाला नमस्कार केला आणि ते बाजूला ठेवले.

यावरचा उपाय म्हणजे कुकींचे विलगीकरण. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी बरणी. बातम्यांच्या पानावर ठेवलेली कुकी बुटांच्या पानावर सापडतच नाही. टॉर ब्राउझरमधली ही सोय 2017 च्या सुमारास मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये आली. पण कुठे? नेहमीच्या सेटिंगमध्ये नव्हे, तर ‘अबाऊट:कॉन्फिग’ नावाच्या माळ्यावर. तिथे चढणाऱ्याला त्या काळी पाटी दिसे : असे केल्यास तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची वॉरंटी!

काही ठिकाणी लॉगिन बिघडत होते, हे खरे. त्यामुळे नव्याने घडवलेले विलगीकरण फेब्रुवारी 2021 मध्ये आधी ‘कडक’ पर्यायात आले आणि जून 2022 मध्ये सगळ्यांना आपोआप मिळू लागले. माळ्यावरून दिवाणखान्यात यायला पाच वर्षे लागली, पण आले. अॅपलच्या सफारी ब्राउझरने तर मार्च 2020 मध्येच परक्या कुकींना सरसकट दार बंद केले होते. अॅपलचे पोट फोन विकून भरते, त्यामुळे हे शौर्य त्याला परवडते.

गूगलचे तसे नाही. 2007 मध्ये डबलक्लिक ही जाहिरात कंपनी 3.1 अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवणाऱ्याने कुकीवर बंदी घालायची, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. शिवाय कुकी गेल्या तर सगळी माहिती एकट्या गूगलच्याच हाती राहील, अशी ओरड प्रतिस्पर्ध्यांनी केली आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने त्यात लक्ष घातले. पाळत थांबवायला विरोध पाळत ठेवणाऱ्यांचाच, आणि तोही न्यायाच्या नावाने! गंमत म्हणजे विलगीकरणाचा झेंडा मिरवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गूगलकडूनच येते.

आज क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत परक्या कुकी आपोआप अडवल्या जातात. चोरून बघणाऱ्याला संरक्षण, उजळ माथ्याने बातम्या वाचणाऱ्यावर पाळत. उजळ माथेवाल्यांनी सेटिंगमधल्या ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या विभागात जावे. तृतीय पक्षाच्या कुकी अडवण्याचा पर्याय तिथे आहे. तो निवडलेला नसतो.