वेड पांघरून नॅशनल्सला

आदरणीय कॅप्टनसाहेब,

न्यू जर्सीतल्या ३.५ च्या लीगमध्ये तुमच्या संघाने पहिला नंबर पटकावला, त्याबद्दल हार्दिक अभिनंदन. परदेशात आपल्या माणसाचं नाव निघालं की ऊर भरून येतो. तुमचं तर दर शनिवारी कोर्टाकोर्टावर निघतं. कोणत्या शब्दांत, ते छापण्याजोगं नाही.

पत्र खुलं आहे, म्हणून टेनिस न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. अमेरिकेच्या टेनिस संघटनेची, म्हणजे यूएसटीएची, ही हौशी लीग १९८० पासून चालते. तुल्यबळांनी तुल्यबळांशी खेळावं म्हणून १.० ते ७.० अशी अर्ध्या-अर्ध्या अंकाची रेटिंगची शिडी आहे. ७.० म्हणजे टीव्हीवर दिसतात ते. ३.५ म्हणजे आम्ही: ऑफिस, मुलांचे क्लास आणि गुडघेदुखी यांतून वेळ काढून खेळणारे, फोरहँड बरा, बॅकहँड देवाच्या भरवशावर. नवा खेळाडू मात्र आपलं रेटिंग आपणच फॉर्म भरून ठरवतो. लग्नाच्या बायोडेटात जे जे फुगवून लिहितात, ते ते इथे चेपून लिहायचं असतं, हे तुम्ही पहिल्यांदा ओळखलंत.

तुमच्या त्या डावखुऱ्या गड्याचंच घ्या. कॉलेजच्या संघातून कधी खेळलो नाही, असं त्याने लिहिलं म्हणे. बरोबरच आहे. पुण्यात तो खेळायचा ते विद्यापीठाकडून! इतका तंतोतंत सत्यवादी माणूस विरळा.

त्याच्याशी एकेरीत खेळण्याचं भाग्य मला लाभलं. पहिला सेट त्याने ६-३ असा घेतला, तोही बहुधा बुटाची नाडी बांधता बांधता. दुसऱ्यात ४-१ ने पुढे असताना त्याने बाकावर बसलेल्या तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाण्याची बाटली तोंडाला लावलीत आणि मान किंचित हलवलीत. झालं! तोवर जी सर्व्हिस आम्हाला फक्त ऐकू येत होती, ती एकाएकी नेटमध्ये जाऊ लागली. लागोपाठ डबल फॉल्ट. मग सलग पाच गेम माझ्या पदरात. तिसऱ्या सेटऐवजी आमच्याकडे १० गुणांचा टायब्रेक असतो. तो त्याने १०-२ असा संपवला आणि खांदा चोळत चोळत माझ्याशी हात मिळवला. नोंदीत तो टायब्रेक नुसता १-० लागतो. म्हणजे एकूण गेम ११ विरुद्ध ९. कागद पाहणाऱ्याला वाटावं, काय चुरस झाली असेल!

आणि कॉम्प्युटर कागदच पाहतो. कोण जिंकलं यापेक्षा किती गेमनी जिंकलं, याचा तो हिशेब मांडतो. शतांशापर्यंत मांडतो आणि तो आकडा खेळाडूला दाखवत नाही. स्वतःचं रेटिंग स्वतः ठरवलेला गडी ठरावीक रेषेच्या वर खेळला की एक स्ट्राइक. तीन झाल्या की भर मोसमात अपात्र. पण वर्षाच्या शेवटी एकदा कॉम्प्युटरने शिक्कामोर्तब केलेलं ‘सी’ रेटिंग मिळालं, की पुढच्या मोसमात या स्ट्राइकची भीतीच उरत नाही. म्हणून एक वर्ष हातचं राखून खेळायचं आणि दुसऱ्या वर्षी गदा बाहेर काढून थेट नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, गाठायची. पेडगावच्या वाटेवर इतका शिस्तबद्ध प्रवासी आम्ही पाहिला नव्हता.

आमच्या संघात मात्र या शिस्तीचा पूर्ण अभाव. एका काकांनी साठीच्या उंबरठ्यावर हिवाळाभर भिंतीवर चेंडू मारून बॅकहँड स्लाइस बसवला. मोसमात त्यांनी जीव तोडून सामने काढले, समोरच्याला एकही गेम फुकट दिला नाही. वर्षअखेरीच्या यादीत ३.५० ची रेषा ओलांडली आणि त्यांना ४.० मध्ये ‘बढती’ मिळाली. आता तिथे पंचविशीची पोरं त्यांना ६-१, ६-१ ने घरी पाठवतात, आणि ज्यांच्याबरोबर ते खेळायचे, चहा प्यायचे, तो संघ सुटला. चूक त्यांचीच म्हणा. ५-१ ला सर्व्हिस नेटमध्ये कशी घालायची, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

नियम आणखी कडक करा, अशी ओरड आमच्यातले काही जण करतात. मला त्यात फारसा राम दिसत नाही. उद्या तीनऐवजी दोन स्ट्राइक केल्या तरी तुम्ही बाटली थोडी लवकर उचलाल, एवढंच. डबल फॉल्ट मुद्दाम केला की चुकून झाला, हे कोणत्या यंत्राला कळणार? ते फक्त त्या गड्याला ठाऊक, आणि तुम्हाला.

म्हणून एक नम्र विनंती. येत्या मोसमात तुमचा हाच संघ ४.० मध्ये नोंदवा. तिथे खांदा न चोळता खेळता येईल, आणि तुमच्या डावखुऱ्याची ती सर्व्हिस लोकांना पूर्ण सामनाभर पाहायला मिळेल. नोंदणीची फी आमचा संघ वर्गणी काढून भरेल. काकांनी पहिले वीस डॉलर दिलेसुद्धा.

आपला विनम्र,
एक खराखुरा ३.५