सातासमुद्रापारची तळमळ
न्यू जर्सीतल्या आप्तांना पुण्यातल्या खड्ड्यांची जेवढी काळजी आहे, तेवढी महापालिकेलाही नसावी. रात्र जागून ते इथली मतमोजणी पाहतात. मेव्हण्याने कुणाला मत द्यायचं, तेही फोनवरून बजावतात. खरं तर परदेशस्थ भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव घालता येतं. अट एकच, बूथवर स्वतः यायचं. २०२४च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ जणांची नोंद होती, आले २,९५८. त्यातले २,६७० केरळचे. आखातात जन्मभर राबूनही तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही, मग मल्याळी माणूस गावाकडच्या सरकारला धरून राहणारच. महाराष्ट्राच्या ५,०९७ पैकी आले १७. बाकीच्यांची तळमळ खोटी कशाला म्हणा? मे महिन्यात तिकिटं महाग असतात. शिवाय ऊन.