वसंतराव, तुमचा अर्ज नामंजूर

प्रति,
श्री. वसंतराव ऋतुराज,
मु. पो. मिळेल ती फांदी

विषय : कॉलेजच्या आवारात उत्सव साजरा करण्याबाबत

महोदय,

मी नाहूरचा रहिवासी आणि आमच्या कॉलेजचा माजी कल्चरल सेक्रेटरी. त्यामुळे कोणी कधी आनंदी व्हावं, याबद्दल चार शब्द सुनावण्याचा अधिकार मला आहे.

आपण दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात न विचारता कॅम्पसवर येता. या दिवसांत आमच्याकडे बारावीचं केंद्र असतं, आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद असतात आणि डिग्रीची पोरं जर्नलवर सही मिळावी म्हणून स्टाफरूमच्या दाराशी ताटकळत असतात. नेमकी तेव्हाच आपण खिडकीबाहेर कोकिळा बसवता. ब्लॉकमध्ये मोबाइल वाजला तर कॉपी केस होते. कोकिळेवर कोणतं कलम लावायचं, ते सुपरव्हायजरला अजून सापडलेलं नाही.

बाकीचे ऋतू बघा, किती समजूतदार! मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव पावसाळ्यात होतो. झेवियर्सच्या ऑगस्टमधल्या महोत्सवाचं तर नावच ‘मल्हार’. १९७९पासून पावसाचा राग तिथे गाजतो आहे. थंडीकडे पवईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ आहे, वर साडी डे आणि ट्रॅडिशनल डे. आपल्याकडे बसंत, बहार, हिंडोल हे राग आहेत. पण ना कंटिंजंट म्हणजे संघ, ना त्याचा लीडर, ना एक धड स्पॉन्सर. पुण्यातल्या ‘वसंतोत्सवा’मुळे हुरळून जाऊ नका. तो वसंतराव देशपांड्यांच्या स्मरणार्थ असतो, आणि तोही बहुधा जानेवारीत.

आपण शांतिनिकेतनचा दाखला द्याल. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने १९०७ साली तिथे ऋतूंचा उत्सव सुरू केला आणि पुढे पिवळे कपडे, पळसाची फुलं, गुलाल यांत अख्खं विद्यापीठ नाचू लागलं, हे खरं. पण गर्दी इतकी झाली की २०१९नंतर विश्वभारतीनेही बाहेरच्यांसाठी दार लावून घेतलं. युनेस्कोच्या यादीत बसलेल्यांना जे झेपलं नाही, ते आमच्या एकट्या वॉचमनला कसं झेपायचं?

आम्ही आपल्यासाठी काहीच करत नाही, असं मात्र नाही. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिन असतो. ग्रंथदिंडी पार्किंगपासून ग्रंथालयापर्यंत जाते. वर पेपर चालू असल्याने टाळ आणि लेझीम हातात धरायची, वाजवायची नाहीत. बिनआवाजाचं लेझीम हा प्रकार आपण अन्यत्र पाहिला नसेल. होळीआधी तर फलकावर खास आपल्यासाठी नोटीस लागते : अंगावर रंग दिसल्यास आयकार्ड जप्त.

पोरं मात्र बिलंदर. गुढीपाडव्याच्या पहाटे हीच मंडळी ढोल कमरेला बांधून, नऊवारी नेसून बुलेटवर रस्त्यावर उतरतात. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९मध्ये नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि ते लोण गावोगाव पसरलं. तिथे इव्हेंट हेड नसतो, हॉल तिकीट नसतं. सोसायटीतल्या काकू, भाजीवाला, तिसरीतली पोरं, सगळे एकाच रांगेत. सकाळी आठच्या लेक्चरला ज्याची प्रॉक्सी लागते, तो पाच वाजता ताशाची कातडी तापवत बसतो, आणि त्याबद्दल त्याला पार्टिसिपेशन सर्टिफिकेटही मिळत नाही! शैक्षणिकदृष्ट्या ही बाब अत्यंत चिंताजनक आहे.

आपण थोडं टॅबेबुया या वृक्षाकडून शिकावं. मूळचा अमेरिका खंडातला, पण विक्रोळीला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कसा गुलाबी होऊन उभा राहतो! रील निघतात, गोंगाट नाही, नोटीस नाही. आपल्या पळस-पांगाऱ्यांना पीआर म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

सबब आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. फेरअर्ज दोन प्रतींत, प्रायोजकाचं पत्र जोडून, पहिल्या सेमिस्टरमध्ये करावा. आपल्याला तोवर धीर नसेल आणि समक्ष यायचंच असेल, तर स्लो लोकल पकडा. भांडुप-मुलुंडच्या मधलं आमचं स्टेशन २००६मध्ये झालं. फास्ट गाडी तिथे थांबत नाही. आणि कृपया पाचनंतर या, त्याआधी केटीचे, म्हणजे राहिलेल्या विषयांचे, पेपर असतात.

आपला,
माजी कल्चरल सेक्रेटरी,
नाहूर