टक्केसर

टक्केसर प्रत्येक तालुक्यात एक तरी असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग, विषय गणित-विज्ञान, आणि शर्टाच्या खिशात निळं, लाल, हिरवं अशी पेनं. सोबत एक पिवळं स्केचपेन, ज्याचं टोपण कायम हरवलेलं, त्यामुळे खिशाच्या तळाशी पिवळा डाग. आमचे टक्केसर बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका शाळेवर होते. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर असेल. गावाला त्याची कधी गरज पडली नाही. रस्त्यात कुणी "काय सर, बरं हाय का?" म्हटलं की सर जरा थांबून, विचार करून उत्तर देत, "मागच्या महिन्यापेक्षा बरं."

मुख्याध्यापकांच्या खोलीत थोर पुरुषांच्या फोटोंखाली सरांचा 'विद्यार्थी प्रगती तक्ता' टांगलेला होता. उभ्या रांगेत पोरांची नावं, आडव्या रांगेत वाचन, लेखन, हातच्याची वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक. प्रत्येक चौकोनात ठिपका. हिरवा म्हणजे येतं, पिवळा म्हणजे येऊ लागलंय, लाल म्हणजे बोलायलाच नको. तक्ता इतका ठसठशीत होता की पोरांनी तोच आपला जन्मदाखला मानला. एकदा विस्तार अधिकारी वर्गात आले आणि पहिल्या बाकावरच्या पोराला प्रेमानं म्हणाले, "बाळ, तू कोण?"

"मी पिवळा, सर."

"अरे, नाव काय तुझं?"

"नाव तक्त्यावर हाय. वरून चौथं."

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला एक आई आली होती. सभेला येणाऱ्या आया बहुधा सही करून शेताकडे जातात; ही तक्त्यासमोर उभी राहिली. पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिली आणि मग दवाखान्यात रिपोर्ट हाती पडल्यावर विचारतात तशी हळूच म्हणाली, "सर, आमच्या लेकराला लाल कशापायी हो? समद्या रांगेत लालच हाय. काही औषध-बिषध?" सरांनी तिला कृतिआराखडा समजावून सांगितला. अर्ध्या तासानं ती निघाली तेव्हा एवढंच म्हणाली, "म्हंजी वाचता येत न्हाई म्हणा की. ते तर मला ठावं व्हतं."

मोजू नये असं माझं म्हणणं नाही. सहावी-सातवीचं दुखणं वेगळंच आहे, आणि ते मोजल्यावाचून कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पुस्तकात पूर्णांक संख्या आणि समीकरणं, आणि ते पुस्तक ज्याच्या हातात त्याला दुसरीच्या पातळीची गोष्ट धड वाचता येत नाही, अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून हेच सांगत आली आहे. तिचं साधन साधं: एका कागदावर अक्षरं, शब्द, एक परिच्छेद, एक गोष्ट, दुसऱ्या कागदावर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं. पाहणी करणारी पोरं शाळेत नाही, घरी येतात. सरांचा राग त्यावरच होता. शाळेत भागाकारात हिरवा असलेला एक गडी घरच्या ओट्यावर बसून भाग लावता लावता थांबला आणि शेळी सुटल्याचं सांगून पळाला. "ओट्यावर दडपण येतं," सर म्हणाले. "वर्गात त्याला येतं." वर्गात तो सरांच्या लाडक्या विद्यार्थिनीशेजारी बसायचा, हे तक्त्यात कुठं लिहायला जागा नव्हती.

सरांच्या नोकरीत मोजण्याची पद्धत कितीदा बदलली म्हणता! २०१०च्या ऑगस्टात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सहावीला निम्मे गुण आकारिकचे, सातवी-आठवीला शेकडा चाळीस. म्हणजे तेवढे सरांच्या हातातले. अ-१, अ-२ पासून खाली उतरत जाणाऱ्या श्रेण्या आल्या आणि जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाबद्दल एकेक वाक्य, तेही वेगळं! महिनाभर शिक्षकांच्या झोपा उडाल्या. मग तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार नोंदींची पुस्तिका आली, आणि पुढं तिची पीडीएफ ग्रुपवर फिरू लागली. 'स्वतःच्या शब्दांत मत मांडतो', 'परिसरातील घटकांचे निरीक्षण करते', 'व्यवहारात गणिताचा वापर करतो'. सर ती वाक्यं हजेरीच्या क्रमानं वाटत. एक नंबरला पहिलं, दोन नंबरला दुसरं, आणि पुस्तिका संपली की पुन्हा पहिल्यापासून. मुलगी असेल तर 'करतो'चं 'करते' करायचं, एवढीच तपासणी. तरी एका वर्षी दोन मुलं दाखल झाली आणि क्रम सरकला, तर वर्गातला सगळ्यात अबोल पोरगा वक्तृत्वात पुढं निघाला.

२०१५च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला. पायाभूत चाचण्या आल्या, शाळा 'प्रगत' घोषित करण्याचे निकष आले. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात मुलं कशी शिकतात ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या, त्यातल्या एका गाडीत सरही होते. येताना बहुतेकांनी कंदी पेढे आणले. सरांनी तिथल्या वर्गांतल्या फरशीवरच्या आकृत्यांची मापं टेप लावून घेतली होती. मग अध्ययन निष्पत्ती आल्या, भिंतीवर त्यांचे पोस्टर लागले. पुढं नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या, गुण मोबाइलवर चॅटबॉटला सांगायचे दिवस आले. सर डोंगरावरच्या मारुतीच्या पाराशी उभे राहून रेंज धरत आणि चॅटबॉटला एकेक गुण देत. लोकांना वाटे, सर नवस बोलतायत. या सगळ्या काळात सरांचा मूळ तक्ता तोच राहिला. मथळ्यावर नवी पट्टी चिकटवायची, बस्स. मथळ्याचा भाग आता पुठ्ठ्याइतका जाड झाला होता.

नव्या शिक्षकांना सर एक गोष्ट दरवाजा लावून शिकवत. प्रगती म्हणजे काय? शेवटची चाचणी वजा पहिली चाचणी. शेवटची वाढवायची तर घाम गाळावा लागतो, पोरं आजारी पडतात, जत्रा येते, निवडणुकीची ड्यूटी लागते. पहिली मात्र आपल्या हातात असते. म्हणून पायाभूत चाचणी घ्यायची ती शाळा उघडल्या उघडल्या, पोरं सुट्टीत सगळं विसरून आलेली असताना, आणि शक्यतो शनिवारी शेवटच्या तासाला. "पाया खोल खणा," सर म्हणत, "इमारत आपोआप उंच दिसते."

या तत्त्वावर त्यांची खरोखर श्रद्धा होती. लबाडी म्हणून ते करत नव्हते. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली तेव्हा सरांनी सकाळी दोन गुळाच्या पोळ्या तुपाशी खाल्ल्या आणि मग रक्त दिलं. पुढच्या महिन्यात आकडा खाली आलेला दिसावा हा हेतू. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या. महिन्याभरानं साखर इतकी उतरली की सर परिपाठातच खाली बसले. शुद्धीवर आल्यावर आधी त्यांनी आकडा विचारला आणि समाधानानं मान हलवली.

टक्क्याचं दुसरं शास्त्र त्यांना डोंगरानं शिकवलं. टक्का वाढवायचे दोन मार्ग: अंश वाढवा, नाहीतर छेद कमी करा. अंश वाढायला वर्ष लागतं. छेद आमच्याकडे दिवाळीनंतर आपोआप कमी होतो. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडी, कोयते, शेरडं आणि पोरं चढतात आणि कारखान्याच्या वाटेला लागतात. आजी सांभाळते म्हणून किंवा हंगामी वसतिगृहाच्या जेवणाच्या भरवशावर काही मागं राहतात, बाकीची उसाच्या फडात. जाणाऱ्यांत लाल ठिपके जास्त, कारण मागची तीन-चार वर्षंही ती अशीच गेलेली. शिल्लक वर्गाचा टक्का एका रात्रीत चढतो. सर डिसेंबरच्या आलेखात ती चढण काढत, पण ती काढताना गप्प असत. 'स्थलांतरित' असा एक रकाना त्यांनी तक्त्याच्या टोकाला स्वतःच आखला होता. त्याला रंग कुठला द्यायचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

याच रकान्यातली सातवीची एक मुलगी मार्चअखेर परत आली. हाताला पाचटाचे ओरखडे. तक्त्यावर भागाकार लाल, गुणाकार पिवळा, हातच्याची वजाबाकी लाल. संकलित चाचणी तोंडावर आली म्हणून सरांनी तिला टेबलापाशी बोलावलं आणि सहज विचारलं, "काय गं, किती कमावलं औंदा?"

"शेवटच्या पंधरवड्यात अडतीस टन भरले, सर. टनाला तीनशे सहासष्ट."

"म्हणजे किती?" सरांनी पेन उघडलं.

"तेरा हजार नऊशे आठ," ती म्हणाली. सर अजून आडवी रेघ मारत होते. "चारशेनं धरलं तर पंधरा हजार दोनशे. टनामागं चौतीस कमी, ते बाराशे ब्याण्णव. मुकादम म्हणत व्हता तेरा हजार. म्या म्हणलं, नऊशे आठ कुठं गेले? तर म्हणला, पोरी, तू शाळंत जातीस का काय?"

सरांनी कागदावर गुणाकार केला. बरोबर होता. पुन्हा केला. मग ते उठून भिंतीवरच्या निष्पत्तींच्या पोस्टरपुढं उभे राहिले आणि बोट फिरवत खाली खाली आले. हे बसवायचं कुठं? रीत तर पुस्तकात नाही, मांडणी नाही, हातचा दिसत नाही. पोरीला फळ्यावर तोच गुणाकार मांडून दिला तर ती उभ्या मांडणीत अडकली. म्हणजे तक्ताही खोटा नव्हता. सरांनी बराच वेळ पिवळं पेन हातात धरलं, मग हिरवं धरलं, मग दोन्ही खिशात ठेवली आणि वर्णनात्मक नोंदवही काढली. तिच्या नावापुढं काहीतरी खास लिहायचं होतं. पुस्तिका चाळली. नेमकं वाक्य सापडलं: 'व्यवहारात गणिताचा वापर करते.' मात्र हे वाक्य त्याच सत्रात वर्गातल्या अकरा जणांना वाटून झालं होतं. त्यातल्या एकाला किराणा दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येत नव्हते. सरांनी तिच्यापुढंही तेच लिहिलं आणि खाली लाल पेनानं अधोरेखित केलं. अधोरेखित केलेलं ऑनलाइन भरताना जात नाही.

त्या आठवड्यात सर चिडचिडे झाले होते. "३८ गुणिले ३६६" असं फळ्यावर लिहून त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं. हिरव्या ठिपक्यांची पोरं मांडणी करत बसली, परत आलेल्या पोरांनी आधी विचारलं, "उचल वजा करायची का, सर?" तो सबंध तास सरांनी तक्ता भरला नाही. मुकादम, उचल, वाढे विकून येणारे पैसे, टोळीत कोयते किती, असं काहीबाही फळ्यावर येत राहिलं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत होतो. माझी पोरं खिडकीशी जाऊन ऐकत होती म्हणून मीही ऐकलं. तास संपल्यावर ग्रुपवर मेसेज होता: 'अतितात्काळ. आजच्या कृतीचा फोटो टाकावा. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' फोटो काढायचा राहून गेला होता. सरांनी निरंक कळवलं.

ज्येष्ठता यादीत नाव आलं आणि सर केंद्रप्रमुख झाले. आता तक्ते त्यांच्याकडे येतात. चोर पकडायला चोराइतका लायक माणूस नसतो. पायाभूत आकडा बघून सर सांगतात, चाचणी शनिवारी घेतलेली दिसते. पहिल्याच शिक्षण परिषदेत एका नव्या मॅडमनी पायाभूत ६२ आणि शेवटचा आकडा ५८ असा कागद पुढं ठेवला. खोलीत शांतता पसरली. "खाली गेलं?" सरांनी विचारलं. "फडातली पोरं परत आली, सर. त्यांनाही बसवलं." सरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून पिवळ्या डागाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा मी बघतो." बैठकीच्या एकत्रित गोषवाऱ्यात ती शाळा 'माहिती अप्राप्त' अशी दिसली. मॅडमना कुणी काही विचारलं नाही.

चहानंतर दुसऱ्या एका सरांनी आपला आलेख उलगडला. ४१ वरून थेट १००. टाळ्या झाल्या. टक्केसरांनी त्यांना खांद्याला धरून व्हरांड्यात नेलं.

"शंभर? अहो, काही जागा ठेवायची असते. पुढच्या वर्षी उद्दिष्ट काय देणार? वाढ कुठून दाखवणार?"

"पुढच्या वर्षी माझी बदली आहे, सर."

"असं होय," टक्केसर म्हणाले, आणि हिरवं पेन काढून त्यांनी सही केली.