प्रदूषित स्थळास भेट : गुण 25

विद्यापीठातल्या प्राध्यापकांना हवामानबदलाचे अभ्यासक्रम तयार करायला पैसे द्यावेत, या सूचनेला आमचा बिनशर्त पाठिंबा आहे. पृथ्वी तापतेच आहे. तिला गार करणं जमत नसेल तर निदान तिचे चार क्रेडिट तरी करून टाकावेत. शिवाय गुजरातला या बाबतीत परंपरा आहे. हवामानबदलाचं स्वतंत्र सरकारी खातं देशात पहिल्यांदा काढलं ते याच राज्यानं, 2009 मध्ये. खातं निघालं की अनुदान निघतं, अनुदानामागून प्रस्ताव निघतात आणि प्रस्तावांच्या रांगेत आमचे सुरतेतले एक परिचित प्राध्यापक उभे असतात.

हे गृहस्थ मूळचे सांख्यिकीचे. वेळापत्रक लावताना त्यांचे दोन तास मोकळे सापडले, म्हणून पर्यावरण त्यांच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून ते या विषयातले तज्ज्ञ आहेत. त्यांचा प्रस्ताव आम्ही वाचला. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचं मानधन, त्यांचा प्रवास भत्ता, दोन दिवसांची कार्यशाळा, मंचामागचा बॅनर, पुष्पगुच्छ (पर्यावरणपूरक), एक लॅपटॉप, आणि ज्याच्यावाचून भारतात कुठलंही ज्ञान निर्माण झालेलं नाही ते ‘संकीर्ण’. विद्यार्थी हा शब्द शोधावा लागला. तो ‘उद्दिष्टे’ या मथळ्याखाली एकदा आला होता, तोही अनेकवचनी आणि अंग चोरून. मुखपृष्ठावर वितळत्या बर्फावरचं पांढरं अस्वल. सुरतेत अस्वल का, असं विचारल्यावर सर म्हणाले, “अहो, परीक्षकांना विषय पटकन कळायला हवा ना!”

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. देशाचं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट 2070 चं आहे, जगातल्या पुष्कळांचं 2050 चं. या साऱ्या कारभारात पक्की तारीख एकच, 31 मार्च. त्या दिवशी उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही तर मात्र खरोखर प्रलय येतो.

हे सगळं नवं आहे असं कुणी समजू नये. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं होतं. ते ऐकू यायला आपल्याला बारा वर्षं लागली. 2003 च्या सुमारास यूजीसीनं पदवीच्या सर्व शाखांसाठी आठ घटकांचा, पन्नास तासांचा अभ्यासक्रम आणला. पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ते चांगलं लिहिलं. त्याच्या झेरॉक्स निघाल्या यात त्यांचा दोष नाही. त्या अभ्यासक्रमात हवामानबदल सहाव्या घटकात एका ओळीत बसवला होता. तापमानवाढ, आम्लवर्षा, ओझोनचा थर आणि अणुसंहार हे शेजारी. एकाच ओळीत इतका विनाश, तोही इतक्या शिस्तीनं!

त्यातला आठवा घटक मात्र आम्हाला मनापासून आवडतो. तो क्षेत्रकार्याचा. त्यात जवळच्या एखाद्या प्रदूषित स्थळाला भेट देऊन अहवाल लिहायचा होता, शंभरातले 25 गुण. कुठल्याशा समितीच्या हातून नकळत घडलेलं हे शहाणपण. त्याचं पुढे काय झालं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. त्याच्याकडे मुठा नदीचा प्रकल्प तयार असतो, आणि तोच पहिलं पान बदलून मिठी नदीचा होतो. 2023 मध्ये यूजीसीनं नवा चार क्रेडिटचा आराखडा काढला. त्यात हवामानबदलाला ऐसपैस जागा मिळाली, क्षेत्रकार्यही राहिलं. झेरॉक्सवाल्याची काळजी मिटली.

सरांनी वर्गात क्षेत्रकार्याचा घटक शिकवायला घेतला तेव्हा पलसाण्याहून येणाऱ्या एका मुलानं हात वर केला. “सर, प्रदूषित स्थळाला भेट म्हणजे घरी जायचं का?”

पोराचं चुकलं नव्हतं. पलसाणा तालुका मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा. त्यातल्या कडोदऱ्याच्या चौकात धुळ्याकडून येणारा रस्ता मिळतो आणि त्या रस्त्यानं निम्मा खानदेश इकडे आला. मुलाचा बाप नंदुरबारचा. डाइंग मिलमध्ये थर्मोपॅकवर, म्हणजे तेल तापवणाऱ्या भट्टीवर, बारा तासांची पाळी करतो. कोरं ‘ग्रे’ कापड जेट यंत्रात रंगतं, स्टेंटर यंत्रावर ताणून सुकतं, आणि या सगळ्याला लागणारी उष्णता नि वाफ बॉयलर-थर्मोपॅकमध्ये कोळसा, लिग्नाइट जाळून काढतात. तुमच्या लग्नाच्या रुखवतातल्या सहावार साडीचा अर्धा जन्म याच धुरात झालेला असतो. तालुक्यातच चलथाणचा साखर कारखाना. तिकडे ऊसतोडीला डांग-नंदुरबारकडच्या टोळ्या येतात. त्यांची मजुरी टनावर. अवकाळी पावसानं फड चिखलात गेला की तोड बंद, तोड बंद की चूल बंद. ‘अनुकूलन’ या प्रकरणाला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या बेटावर मिळेल, ते तज्ज्ञांनी मानधन घेऊन सांगावं.

आता खरी मौज. या पट्ट्यातून जगाला शिकण्यासारखं काही निघालं नाही असं नाही. निघालं, फक्त आपण ते वर्गात घेतलं नाही. गुजरातेत कारखान्याचं प्रदूषण तपासणारा लेखापरीक्षक कारखानदारच नेमायचा आणि त्याची फीही तोच द्यायचा. परिणामी आकडे मर्यादेच्या जरासे खाली, इतके ओळीनं, की कवायत पाहावी. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्यानं अहमदाबाद-सुरतच्या 473 कारखान्यांवर प्रयोग केला. काही ठिकाणी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, फी सामाईक निधीतून दिली, त्यांच्या मोजणीची पुन्हा तपासणी केली. परीक्षक खरं बोलू लागले, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. 2013 मध्ये हे छापून आलं. पुढे, 2019 मध्ये, डुफ्लोंना नोबेल मिळालं.

त्याच 2019 च्या पर्यावरणदिनी सुरत परिसरातल्या कारखान्यांसाठी धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार जाहीर झाला, जगातला त्या प्रकारचा पहिला. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली, एकूण धुळीला कमाल मर्यादा आली. ज्यानं कमी सोडली त्यानं परवाने विकावेत, ज्यानं जास्त सोडली त्यानं विकत घ्यावेत. बाजारातल्या कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्क्यांनी घटली. त्याच चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइड मात्र या हिशेबात नव्हता. तो कुणी विचारत नव्हतं, म्हणून फुकट जात होता. तो हिशेब सरांच्या वर्गाला सहज करता आला असता. मिलच्या गेटवरच्या वहीत कोळशाच्या गाड्यांची नोंद असते. टनभर कोळसा जळला की, प्रतीनुसार, दोन टनांच्या आसपास हा वायू बाहेर पडतो. जाळलं त्याहून जास्त कसं निघालं, हे विचारणारा पहिला विद्यार्थी भेटला की समजावं, अभ्यासक्रम सुरू झाला. जास्तीचं वजन ऑक्सिजनचं, ते हवेनं दिलं, मानधन न घेता.

आम्ही सरांना हेच सुचवलं. लॅपटॉप राहू द्या, पण एक सत्र तुमचे तास कमी करून घ्या, त्या तासांना तासिका तत्त्वावरचा एक माणूस पूर्ण पगारानं नेमा, आणि थर्मोपॅकवरच्या त्या बापाला एक दिवस वर्गात बोलवा. त्याची पाळी बुडेल तेवढी भरून द्या. आणि अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करणारा तज्ज्ञ तुम्ही निवडू नका. चिठ्ठी टाका, फी सामाईक निधीतून. शेवटची सूचना ऐकताच सरांचा चेहरा चिमणीवर यंत्र बसवलेल्या शेठसारखा झाला. “आमचे मूल्यमापक फार चांगले आहेत,” ते म्हणाले. “त्यांच्या अभ्यासक्रमाचा मूल्यमापक मीच आहे.”

अखेर प्रस्ताव मंजूर झाला, थोड्या काटछाटीसह. मुलांना पलसाण्याला नेण्यासाठी आमच्या आग्रहावरून घातलेलं बसभाडं कापलं गेलं, कारण ‘स्थानिक प्रवास’ असं शीर्षच अनुदानात नाही. परदेश अभ्यासदौऱ्याचं शीर्ष आहे. तेव्हा सर उन्हाळ्यात शिकागोला जाऊन येतील. विषय : पलसाण्याच्या चिमण्या.