सूचीविना संस्कृती

पुस्तकाला शेवटी सूची हवीच, असा आग्रह धरणाऱ्यांनी लाटेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ती एकदा करून पाहावी. आधी पुस्तक चालवा, मग सूचीचा प्रोग्राम, मग पुन्हा पुस्तक. यातली एक फेरी चुकली, की सूची गायब नाहीतर शिळी. मेकइंडेक्स हा जुना प्रोग्राम घडला इंग्रजीसाठी, त्यामुळे त्याला आपल्या वर्णमालेचे सोयरसुतक नाही. झिंडी हा दुसरा प्रोग्राम समजूतदार खरा, पण मराठीचा क्रम त्यालाही सांगावा लागतो. नुसत्या युनिकोडवर सोडले, तर ‘ळ’ थेट ‘ल’ला खेटून बसतो आणि ‘क्ष’ ‘क’च्या घरात शिरतो. शाळेत मात्र दोघे ‘ह’च्या पुढे होते.

त्यात नोंदी एकाच रूपात लिहिल्या नाहीत, तर ‘टिळक, बाळ गंगाधर’, ‘टिळक, लो.’ आणि ‘लोकमान्य टिळक’ अशी तीन माणसे जन्माला येतात. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर फरक शून्य, सूचीत मात्र गावे दोन.

अनेक मराठी प्रकाशकांनी यावर रामबाण उपाय शोधला आहे: सूची द्यायचीच नाही. संदर्भ हवा असेल, त्याने अख्खे पुस्तक वाचावे. वाचनसंस्कृती वाढते ती अशी!