आरवण्याआधी बारसं नको

आमच्या परड्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबडा आपलं काम चोख करतो, म्हणजे ओरडतो. अंड्यांचा हिशोब मात्र नाजूक आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि उरलेले दिवस त्या पुण्याईवर काढते. तेव्हा नवी पिल्लं आणावीत का, हा विषय घरात निघाला. मुलीचं स्थळ पाहतानाही कुडाळात एवढी चर्चा होत नसेल.

बायकोचं मत एका वाक्यात आटोपलं. "अंडी हवीत तर दुकानातून आणा, दुकानातल्या अंड्याला रोज दाणे टाकावे लागत नाहीत." मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो ताबडतोब बाजूला ठेवण्यात आला. मुलीला कडकनाथ हवा होता. हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. पिसं काळी, चोच काळी, मांससुद्धा काळं. 2018 साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा भावही मानाचा झाला आहे. वडील माडाखाली सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "माका काय इचारतंस? कोंबडेक इचार."

कोंबडीला विचारण्याआधी मी विक्रेत्याला विचारलं. तो मोटारसायकलला जाळीची टोपली बांधून वाडीत येतो. गिरिराजा, वनराजा, जे मागाल ते त्याच्याकडे असतं आणि सगळी पिल्लं एकाच टोपलीत असतात. "नर किती, माद्या किती?" असं विचारलं, की तो शपथेवर सांगतो, "सगळ्या तलंगाच!" एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद ओळखायला हात तयार असावा लागतो. तुम्हाआम्हाला तो कळत नाही आणि त्याला कळला तरी तो सांगत नाही. चार महिन्यांनी त्यातल्या निम्म्या तलंगा पहाटे आरवू लागतात.

हे आरवणारे सरळ वडे-सागोतीच्या वाटेला लागावेत, असा सृष्टीचा नियम आहे. पण आमच्या घरात मुलीचा नियम चालतो. ज्याचं बारसं झालं, त्याला पातेलं वर्ज्य. आणि पिल्लू टोपलीतून उतरायच्या आत तिने बारसं उरकलेलं असतं.

पुढचा प्रश्न मानपानाचा. थोरलाइफ श्येल्डरुप-एबे या नॉर्वेच्या गृहस्थांनी कोंबड्या कोण कोणाला टोचते याची बारीक टिपणं ठेवली आणि 1921 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. कळपात पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची सगळ्यांचं टोचून घेते. आमच्याकडे पहिली शेवंती. नवीन पिल्लू दिसलं, की ती एसटीत रुमाल टाकून बसलेल्या बाईसारखी बघते. म्हणून जाणते सांगतात, पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत वेगळी ठेवा, मधे जाळी लावून एकमेकींची तोंडं बघू द्या आणि मग रात्री, सगळ्या झोपल्यावर, हळूच खुराड्यात सोडा. सकाळी त्यांना वाटतं, ह्या कालही इथेच होत्या.

तोवर पिल्लांना ऊब हवी. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्यासाठी दिवा लावायचा आणि आमच्याकडे वीज ढग बघूनच जाते. खाणंही वेगळं. पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं जास्त. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. साहजिकच कोंबड्यांना पिल्लांचं खाद्य आवडतं आणि पिल्लांना कोंबड्यांचं.

शिवाय मानमोडीची लस. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब, काम सोपं. पण कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि एकदा पाण्यात कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी ती फोडली, की बर्फाचा डबा घेऊन वाडीभर फिरायचं, "तुमच्याकडे पिल्लं असत काय?" असं विचारत. ग्रामपंचायतीची निवडणूक सहज लढवता येईल इतक्या ओळखी होतात.

एवढं सगळं मांडून झाल्यावर वडिलांच्या बोलण्यातलं शहाणपण दिसतं. शेवंती खुडूक झाली, की रिकाम्या टोपलीवरही पिसं फुलवून बसते आणि जवळ जाणाऱ्याचा हात फोडते. तिच्याखाली दहा अंडी ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. ऊब तिची, वीज गेली काय, आली काय. घार दिसली की एका हाकेत सगळी पंखाखाली. आणि शेवंतीच्या पोरांना टोचायची बाकीच्या तिघींची काय टाप! लस मात्र तेवढी द्यावीच लागते, तिथे आईची माया चालत नाही.

म्हणून माझा निकाल असा. पिल्लं घ्यावीत का, हे माणसांनी ठरवू नये. कोंबडी खुडूक बसली तर अंडी ठेवा, पावसाळा असेल तर तेही दिवाळीनंतर. ती बसत नसेल, तर बायकोचं ऐका आणि दुकानात जा. आणि काही झालं तरी, आरवण्याआधी कोणाचं बारसं करू नका.